त्यांची वीत, माझी वीत अन् बंडूअण्णांचा बंपर

त्या दिवशी शेडवर कोण कोण होतं ते आधी सांगते. आमचे हे, म्हणजे नामदेव मिस्त्री, दारातल्या लाकडी स्टुलावर. बंडूअण्णा, धायरीतलेच, ट्रक त्यांचा. गजानन डायव्हर, वाशीमकडचा, ट्रकच्या केबिनमधी. शेजारच्या चहाच्या टपरीची इंदू. अन् मी, हौसा, ट्रकचं बूड अन् शेडची मागची भिंत यांच्या मधल्या फटीत. एक कुत्रं पण होतं, पण ते निम्म्यातनं उठून गेलं, म्हणून धरत न्हाई.

नावं अशासाठी घेतली की मी कुठं काय झाकायला लागले तर साक्षीला माणसं हायेत. झाकायची मला सवय होती. त्याचीच ही गोष्ट हाय.

मी दुसरीपर्यंत शिकले. सही येते, बसची पाटी येते. हे सगळं मी बोलतीय अन् नात लिहून घेतीय, तिच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाला. ती म्हणाली, "आजी, तुझ्या कामाबद्दल सांग." म्हणलं, "माझं काम म्हणजे लोखंडाला लोखंड चिकटवणं. त्यात सांगायचं काय?" ती म्हणाली, "चुका सांग." मग म्हणलं, अंक पुरायचा न्हाई, एकच सांगते.

आमची शेड नऱ्ह्याकडं जायच्या रस्त्याला. आता तिथं बिल्डिंग हाय, खाली पार्किंगमधी गाड्या लावतात, त्यातली एकही आमच्या हातची न्हाई. तेव्हा पत्रा होता, दोन बाजूला भिंती, अन् एक वेल्डिंगचं मशीन. मशीन मागच्या भिंतीला, अन् त्याची केबल आखूड. केबल लांब आणायची असं आम्ही बारा वर्षं म्हणत होतो. केबल आखूड म्हणून ट्रक उलटा आत घ्यायचा, बूड भिंतीला. अन् मागचं काम करायचं तर त्या हातभर फटीत शिरून. त्यांना ती फट पुरायची न्हाई. मला पुरायची. बाईमाणसाचा धंद्यात एवढा तरी फायदा.

वेल्डिंग मिस्त्री हे होते. मी आधी नुसती धरणारी. "धर" म्हणलं की धरायचं, "सोड" म्हणलं की सोडायचं, चटका बसला तर आपल्या मनात ओरडायचं. मग हळूहळू त्यांना कमी दिसायला लागलं. आमच्या धंद्यात डोळे जातात असं सगळेच म्हणतात. जोड पेटला की जो उजेड पडतो तो काळ्या काचेतनंच बघायचा असतो. पण बारीक टाका मारायचा असला की काच कोण उचलतंय? डोळे मिटायचे, चर्र करायचं, उघडायचे. मग डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. त्यावर आमचं औषध ठरलेलं, बटाट्याची चकती. त्यांच्या डोळ्यांवर मी इतक्या चकत्या ठेवल्या की तेवढ्यात एका लग्नाची भाजी झाली असती.

चकत्यांनी काय झालं न्हाई. ते म्हणायचे, "अंधुक दिसतं गं. वयच झालं." मी पण म्हणायची, वय झालं. चहाचा कप स्टुलाच्या कडेबाहेर ठेवायचे, पडायचा. मी हसायची. म्हणायची, "अहो, कपाला पण वेल्डिंग करू का खाली?" दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. म्हणायची, "चौकट वर्षानुवर्षं तिथंच हाय, तुम्हीच नवीन आल्यासारखं करताय." असे इनोद करत होते मी. आज आठवले की माझ्याच तोंडात मारून घ्यावं वाटतं.

तर मग हळूहळू जोड मी मारायला लागले. आधी टाके, मग पक्के. साडीवर त्यांचा जुना खाकी शर्ट, डोक्याला फडकं, तोंडापुढं काच. मी काय जोडतीय ते ते कानानं तपासायचे. हातोडीनं ठोकायचे. चांगला जोड टणकन वाजतो, कच्चा जोड भदभद. "हा भदभदतोय, परत मार." ह्यात ते कधी चुकले न्हाईत. पण गिऱ्हाईकाला हे कळू द्यायचं न्हाई असं आमचं ठरलेलं. मिस्त्रीला दिसत न्हाई अन् बाई जोड मारते म्हणल्यावर ट्रक कोण देणार? घाटात उतरणारी गाडी असते, जिवाचा मामला. म्हणून गिऱ्हाईक आलं की काच खाली अन् माझ्या हातात झाडू. त्या काळात धायरीत आमच्याइतकी झाडलेली शेड दुसरी नसंल.

खुणा पण ठरवल्या होत्या. मी एकदा खोकले म्हणजे सगळं बरं हाय, होय म्हणा. दोनदा खोकले म्हणजे गडबड हाय, गप बसा. एकदा मला खरंच सर्दी झाली, त्या आठवड्यात हे कुणाशीच बोलले न्हाईत.

आता मापाचं. टेप होती, खिळ्याला लटकवलेली. त्यांना तिच्यातलं दिसत न्हाई अन् मला वाचता येत न्हाई. मोठे आकडे येतात, पण मधल्या बारीक रेघा म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून आमचं माप वितीचं. ते हातानं चाचपून सांगायचे, "दीड वीत घे." त्यांची वीत मोठी, माझी लहान. त्यांची एक वीत म्हणजे माझी एक वीत अन् वर दोन बोटं. हा हिशेब मला झोपेत विचारला तरी यायचा. जागेपणी चुकला, ते पुढं सांगते.

बंडूअण्णांनी ट्रकला मोठी चाकं टाकली होती. भरलेली गाडी खड्ड्यात आपटली की चाक वर बॉडीला घासायचं. त्याला इलाज म्हणजे बॉडी उचलायची. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगते. ट्रकचं खाली एक लांब लोखंडी हाडूक असतं, त्याला चासी म्हणतात. त्यावर माल भरायचा खोका ठेवलेला, ती बॉडी. ती चासीला मोठ्या बोल्टांनी आवळलेली असते. बोल्ट ढिले करायचे, जॅक लावून खोका उचलायचा, मधी जाड लोखंडी चॅनल घालायचा, परत आवळायचं. चार इंच बॉडी वर जाते. पण मागचा बंपर असतो चासीला लागलेला. तो बिचारा खालीच राहतो. मग खोका अन् बंपर यांच्या मधी मोकळी फट दिसते. एखाद्याची पँट आखूड झाल्यावर दिसते तशी.

बंडूअण्णा म्हणाले, "मिस्त्री, बंपर पण वर घ्या. बॉडीला चिकटून. रुबाबदार दिसला पाहिजे."

हे म्हणाले, "अण्णा, बंपर रुबाबाला नसतो. मागनं दुचाकीवाला आला अन् ब्रेक लागला न्हाई, तर तो बंपरला अडला पाहिजे. वर घेतला तर तो सरळ खाली जाईल."

"मग फट तशीच ठेवू? हमाल पाय कुठं ठेवणार चढायला?"

मग ह्यांनी तोड काढली. बंपर वर घ्यायचा, हमालाला पाय ठेवायला. अन् त्याच्या खाली, जिथं जुना बंपर होता तिथं, एक जाड पाईप आडवा. म्हणजे दुमजली बंपर. दोन्हीला धरणाऱ्या पट्ट्या चासीपासून खाली सोडायच्या, नव्या, लांब अन् जाड. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण डोक्यात सगळी गाडी उभी राहायची. बंडूअण्णा "बरं, करा" म्हणून गेले. मी झाडू ठेवला.

डाव्या बाजूची पट्टी ह्यांनी स्वतः मापली. वाकून, चासीला हात लावून, आपल्या हातानं दोन विती. खडूची रेघ मारली. मी पट्टी कापली, बसवली, टाका मारला. मग मी फटीत सरकत सरकत उजवीकडं गेले. तिथनं विचारलं, "अहो, इकडं किती?"

"तेवढंच. दोन विती."

अन् मी दोन विती घेतल्या. माझ्या.

आता माझी अक्कल कुठं गेली होती ते पण सांगते. मी त्या वेळी मनात म्हणत होते की आता आपल्याला सगळं येतं. ह्यांना विचारायची पण गरज न्हाई, उगं मान ठेवायला विचारतो आपण. हे मनात चाललं होतं, तेवढ्यात पट्टी खालनं चार बोटं आखूड राहिली. माणसाला गर्व झाला की वरचं दिसत न्हाई म्हणतात. मला खालचं दिसलं न्हाई.

त्यावर बंपर चढवला, खाली पाईप घातला, अन् सगळे जोड पक्के मारले. तुम्ही म्हणाल, वाकडं दिसलं न्हाई का? अहो, फट हातभर. नाक बंपरला लागलेलं. मागं सरकून बघायला जागाच न्हाई. जेवढं डोळ्यापुढं तेवढंच दिसायचं, मग सरकायचं, मग पुढचं. ह्यांनी येऊन एकेक जोड ठोकला. टण, टण, टण. म्हणाले, "हौसा, असा जोड मी पण मारला नव्हता कधी." त्या दिवशी मी दोन कप चहा प्याले.

दुपारी बंडूअण्णा आले. गजाननला उठवलं, तो केबिनमधी झोपला होता. त्यानं गाडी सुरू केली, शेडमधनं बाहेर रस्त्यावर काढली. अन् गाडीचं बूड पहिल्यांदा उजेडात आलं.

पहिली इंदू बोलली. "हौसाक्का, गाडी डोळा मारतीय गं."

मी बघितलं. उजवीकडं बंपर चार बोटं वर, डावीकडं खाली. खालचा पाईप पण तसाच, इमानदार, बंपरच्या मागं मागं. एक मजला वाकडा असता तर एक वेळ ठीक. दोन्ही मजले वाकडे.

बंडूअण्णा कमरेवर हात ठेवून उभे. मला म्हणाले, "वहिनी, गाडी उभी हाय ना?"

"हाय."

"मग बंपर कुठं निघालाय?"

मग त्यांनी हाक मारली, "मिस्त्री, जरा इकडं या. तुम्हीच बघा अन् तुम्हीच सांगा."

हे स्टुलावरनं उठले. मी दोनदा खोकले. गाडीचं इंजिन चालू होतं, धडधडत. मी परत दोनदा खोकले, जोरात. इंदूनं पाण्याचा तांब्या आणून दिला मला. हे चालत आले, बंपरच्या अगदी जवळ उभे राहिले. वाकले. डावीकडनं उजवीकडं, शांतपणे, सगळा बंपर बघितला. मिस्त्री बघतो तसा. मग सरळ झाले अन् म्हणाले,

"एकदम सरळ हाय, अण्णा. लेवल लावून बघा."

गजाननानं इंजिन बंद केलं.

मला ठाऊक होतं की त्यांना अंधुक दिसतं. पण अंधुक माणसाला पण वाकडं ते वाकडं दिसतं. समोर एवढा मोठा बंपर, पुरुषभर लांब, अन् त्यांना दिसत न्हाई? मी रोज त्यांच्या शेजारी जेवत होते, अन् मला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईकापासनं आम्ही दोघं मिळून झाकत होतो, अन् माझ्यापासनं ते एकटे झाकत होते.

बंडूअण्णा दोन पावलं बाजूला सरकले. ह्यांच्या कानाच्या बाजूला हात धरला, बोटं हलवली. म्हणाले, "मिस्त्री, माझा हात कुठाय?"

हे समोर बघत म्हणाले, "तुमच्या खांद्याला असंल."

इंदू हसली अन् मग रडायला लागली. अण्णा हसले न्हाईत. त्यांनी हात हळूहळू पुढं पुढं आणला. अगदी नाकासमोर आला तेव्हा हे म्हणाले, "हां, हा काय."

मग मीच बोलले. म्हणलं, "अण्णा, त्यांना काही म्हणू नका. बंपर मी केलाय. माप माझं चुकलं. जोड पण माझेच हायेत, हेच न्हाई, गेल्या दोन वर्षांतले सगळे."

"सगळे?"

"सगळे."

"म्हणजे मागच्या सालची चासीची पट्टी? ती घेऊन मी खंबाटकी उतरलोय, वहिनी."

"उतरलात ना? मग बरोबर हाय ती."

ते गजाननकडं बघून म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

गजानन म्हणाला, "मले त कवाचं ठाऊक होतं, अण्णा. म्या केबिनमधून आरशात पाहून राह्यलो होतो न. मामा स्टुलावर बसून राह्यते, अन् मावशी जोड मारून राह्यते. जोड पक्का हाय, मंग सांगाचं कशाले?"

इंदू म्हणाली, "मला पण ठाऊक होतं."

म्हणजे दोन वर्षं मी शेड झाडत होते ती एकट्या बंडूअण्णांसाठी.

मला वाटलं आता अण्णा ट्रक घेऊन जाणार अन् चौकात सगळ्यांना सांगणार, अन् शेडला कुलूप लागणार. एवढ्या वेळात मी काय जेवायचं अन् कुठं जायचं ते पण ठरवत होते. अण्णा म्हणाले, "बंपर राहू द्या वाकडा. उद्या सकाळी ह्यांना घेऊन तयार राहा. डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं."

हे म्हणाले, "मला दिसतंय की."

अण्णा म्हणाले, "हो, ते बघितलं आत्ता."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जीपमधनं सदाशिव पेठेत गेलो. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टरीणबाई पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, थेंब घातले, भिंतीवरचे ठिपके दाखवले. बराच वेळ तपासलं. मग खुर्ची मागं सरकवली अन् म्हणाल्या, "इतक्या लवकर कशाला आलात? अजून थोडंसं दिसतंय की."

मी म्हणलं, "बाई, वेल्डिंगच्या उजेडानं गेले का?"

"नाही. काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढतं. चाकात हवा जास्त भरत राहिलं तर काय होतं?"

"फुटतं."

"इथं फुटत नाही. आतली नस दबत जाते, दुखत पण नाही. आधी कडेचं दिसायचं बंद होतं, मग कड आत आत येते. ह्यांना आता नळीतून बघितल्यासारखं दिसतंय. समोरचं वीतभर."

वीतभर. मी ह्यांच्याकडं बघितलं. म्हणजे ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी बंपर खरंच बघितला होता, वीत वीत करून, डावीकडनं उजवीकडं. अन् वीतभर बघितलं तर कुठलंही वाकडं सरळच दिसतं. मी नव्हते का बघितलं, नाक लावून, फटीत? चांगले डोळे घेऊन मी पण तेवढंच बघितलं.

मी विचारलं, "गेलेलं परत येईल?"

"गेलेलं येणार नाही. राहिलेलं राखता येईल. रोज थेंब. एक दिवसही चुकवायचा नाही. दोन वर्षं आधी आला असतात तर." अन् त्या थेंबांची चिठ्ठी लिहायला लागल्या. जिना उतरताना अण्णा ह्यांच्या पुढं चालत होते, पायरी पायरी सांगत. मी मागं. मला कप आठवत होता, स्टुलाच्या कडेबाहेर ठेवलेला. चौकटीला लागणारा खांदा. सगळं माझ्या समोर होतं, अन् मी इनोद करत होते अन् बटाटे कापत होते.

मग बंपर सरळ केला. आधी माझेच जोड कापावे लागले, त्याला अर्धा दिवस गेला. असे पक्के मारले होते की ग्रायंडरच्या तीन चकत्या संपल्या. एकाच वेळी इतका अभिमान अन् इतका संताप मला पुन्हा कधी आला न्हाई. ह्या वेळी प्लास्टिकची पारदर्शक नळी आणली, त्यात पाणी भरलं, अन् दिसावं म्हणून इंदूनं त्यात थोडा कोरा चहा ओतला. नळीची दोन्ही टोकं दोन बाजूला धरायची, पाणी दोन्हीकडं एकाच उंचीला राहतं. पाण्याला माझी वीत अन् त्यांची वीत कळत न्हाई. बंडूअण्णा समोर खुर्ची टाकून बसले होते. मी काच उचलली अन् त्यांच्या देखत जोड मारला. झाडू हातात घेतला न्हाई. अण्णा म्हणाले, "वहिनी, आज शेड फार घाण दिसतीय." म्हणलं, "आता अशीच दिसणार."

ट्रक कुठंच गेला न्हाई. अण्णांचे दोन्ही ट्रक शेवटपर्यंत आमच्याकडंच येत होते. चौकात त्यांनी सगळ्यांना सांगितलंच, पण लोक यायचे थांबले न्हाईत. काही तर नुसते बघायला यायचे अन् लाज वाटू नये म्हणून एखादा कडी-कोयंडा जोडून घ्यायचे. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "मिस्त्री कुठायत?" हे स्टुलावरनं बोट करायचे, "ती काय, फटीत." केबल मात्र शेड पाडेपर्यंत आखूडच राहिली.

आता मी बोलतीय तेव्हा हे शेजारी बसलेत. थेंब मी रोज घालते, सकाळ-संध्याकाळ, एकदाही चुकले न्हाई. त्यांची वीत अजून शाबूत हाय. तेवढ्यात माझं तोंड मावतं, नातीचं मावतं, भाकरी मावते. आत्ता मधीच त्यांनी विचारलं, "माझी वीत तुझ्यापेक्षा मोठी होती ते लिहिलंस का?" लिहिलंय म्हणलं.

अंक वाचणारे तुम्ही शिकलेली माणसं हायात, मी काय शिकवणार. एकच मागते. तुमच्या घरात कुणी कप कडेबाहेर ठेवायला लागलं असंल, चौकटीला खांदा घासत असंल, तर हसू नका. चाळिशी ओलांडलेली असंल तर न हसता नुसतंच न्या, डोळ्याच्या डॉक्टरकडं. तो म्हणंल, मला दिसतंय. तरी न्या.